पेटीची सायकल

नोकरीत खून, दरोडे, मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. पण एका सायकलचोरीचा तपास आजही जसाच्या तसा आठवतो. निवृत्ती जवळ आली होती आणि कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. नावे कुणाचीच लिहीत नाही. ती माणसे अजून त्याच गल्ल्यांत राहतात, त्यांना सुखाने राहू द्यावे.

सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला म्हणून डोकावलो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काम करणारा पन्नाशीचा फिटर उभा होता आणि त्याच्या पाठीवर त्याची विशी ओलांडलेली मुलगी होती. जन्मापासून तिच्या पायांत बळ नव्हते. तक्रार सायकल चोरीला गेल्याची होती. आमचे हवालदार नेहमीच्या सुरात सांगत होते, "दोन दिवस शोधून बघा. सायकलच हाय की, कुठं जातीया?"

मुलगी बापाच्या खांद्यावरून म्हणाली, "पावणं, तुमचं पाय चालत्यात म्हणून तुम्हाला ती नुसती सायकल वाटती. मला बापाच्या पाठीवरनं यावं लागलं, ते दिसंना व्हय तुम्हाला? लिवा की पटापटा."

हवालदारांच्या तोंडाला तोंड देणारी माणसे ठाण्यात फारशी येत नाहीत. मला हसू आले, पण मी ते मिशीतच ठेवले आणि दोघांना आत बोलावले.

सायकलीची हकीकत अशी होती. फिटरला कागलच्या एका भंगारवाल्याकडे इंग्रजांच्या काळातली काळी, दणकट सायकल मिळाली होती. ब्रेकला वायरऐवजी लोखंडी सळ्या असलेली. त्याने तिचा पुढचा भाग कापला, लांबवला, पुढे लहान चाक लावले आणि मधल्या जागेत पत्र्याची पेटी जोडली. पेटीत उशीची बैठक, कमरेला पट्टा, छत्री अडकवायला नळी. मुलीने स्वतः डायनामोवरून मोबाइल चार्ज करायची सोय करून घेतली होती आणि पेटीवर पिवळ्या रंगात भलीमोठी फुले काढली होती. चाळिशी उलटल्यावर तिची आई मैदानात सायकल शिकली आणि रोज मुलीला पेटीत बसवून एका दूध संस्थेच्या कार्यालयात पोचवू लागली. मुलगी तिथे संगणकावर हिशेब करायची.

"रिक्षा का करत नाही?" मी विचारले.

"रिक्षात मला उचलून घालावं लागतंय, साहेब. आईला आता झेपत न्हाय आणि परक्या माणसानं हात लावलेला मला चालत न्हाय," ती म्हणाली. "पेटी बुटकी हाय. मी माझी हातांवर सरकत आत बसती. कुणाचं उपकार न्हाईत."

कार्यालयातल्या साहेबांनी दसऱ्यापर्यंत थांबायचे कबूल केले होते. त्यानंतर ते त्या जागेवर दुसरे माणूस घेणार होते. दसरा तोंडावर आला होता. मी त्याच वेळी गुन्हा नोंदवून घेतला आणि तपास स्वतःकडे ठेवला.

घटनास्थळाचा पंचनामा करताना कपाळावर हात मारायची वेळ आली. चोरी भर दुपारी झाली होती. तोंडाला मास्क आणि डोक्यावर टोपी असलेला एक माणूस छोटा टेम्पो घेऊन गल्लीत आला, सायकलीची साखळी तोडली आणि "दुरुस्तीला न्यायची हाय" असे सांगून चक्क शेजारच्या पहिलवानाकडून ती टेम्पोत चढवून घेतली. पहिलवानाचा जबाब घेताना तो रडकुंडीला आला होता. "साहेब, लई सभ्य माणूस हुता. जाताना थँक्यू म्हटला की हो मला!" माझा अनुभव असा आहे की रात्री चोरपावलाने फिरणाऱ्यावर दहा जणांची नजर जाते, पण दिवसा उजळ माथ्याने वस्तू उचलणाऱ्याला लोक वर हात देतात.

कॅमेऱ्यात टेम्पो दिसला, पण नंबरावर चिखल होता. आम्ही भंगारवाल्यांना गाठले, सायकल दुकाने पालथी घातली, जुन्या गुन्हेगारांना उचलून विचारले. एक सराईत तर माझ्यावरच चिडला. "साहेब, ती पेटीची सायकल सगळं गाव वळखतंय. ती कोण चोरंल? इकायची कुणाला?" तो चोर असला तरी त्याचे म्हणणे बरोबर होते. विकता येत नाही ते चोरणारा माणूस ते स्वतःकडे ठेवायलाच चोरतो.

मग खबर आली. शिरोली रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याने फोन केला की, दुकानाच्या दारात कुणीतरी पत्र्याची पेटी टाकून गेले आहे, आत उशी आहे, वर पिवळी फुले आहेत. आम्ही बापलेकीला घेऊन गेलो. पेटी, लहान चाक, छत्रीची नळी सगळे तिथे पडले होते. फक्त जुनी सायकल नव्हती. पेटीच्या बाजूने ग्राइंडर वेडावाकडा चालवला होता, पण जिथे ती सायकलीला जोडलेली होती तिथे सायकलीच्या नळीपासून बोटभर अंतर राखून, जपून कापले होते. बापाने वाकून कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मुलीने आपल्या उशीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "ह्याला माझी पेटी नकोच हुती. ह्याला खालची म्हातारी पायजे हुती."

तेव्हा कुठे फिटरने तोंड उघडले. शहरातला एक व्यापारी दोनदा येऊन ती सायकल मागून गेला होता. "मोठ्या घरचा माणूस, साहेब. त्याचं नाव आपण कसं घ्यायचं? म्हणून बोललो न्हवतो," तो म्हणाला. मला राग आला, पण तो त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. मोठ्या घरच्या नावाने आधी गरिबाचीच जीभ अडखळते, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

व्यापारी जुन्या सायकलींचा शौकीन म्हणून गावाला ठाऊक होता. रविवारी सकाळी त्याची मंडळी जुन्या सायकली झळकावत, घंटा वाजवत रंकाळ्याला फेरी मारायची आणि मिसळ खाऊन परत यायची. नोटीस दिली तसा तो वकिलाला घेऊन वेळेवर हजर झाला. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणे. घराची झडती घेतली. एका मोठ्या खोलीत ओळीने सायकली उभ्या होत्या. चामड्याच्या बैठका, पितळी दिवे, धुळीचा कण नाही. प्रत्येकीची पावती त्याच्याकडे होती. आमची सायकल त्यात नव्हती.

मी चौकशीत आवाज चढवला नाही. त्याला सायकलींविषयीच बोलायला लावले. तो खुलला. कुठली फ्रेम कशी ओळखायची, जुना मुलामा कसा उतरवायचा, सगळे सांगू लागला. मग मी सहज फिटरचा विषय काढला. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"कसाई हाय तो! असल्या फ्रेमला कोण ग्राइंडर लावतंय व्हय? माणसाला काय काळीज हाय का न्हाय?"

वकिलाने त्याच्या हाताला स्पर्श केला आणि तो गप्प झाला. राग हा पुरावा होत नाही, म्हणून मी त्याला जाऊ दिले. पण माणूस कळला होता. त्याच संध्याकाळी वरून फोन सुरू झाले. एका फुटक्या सायकलीसाठी प्रतिष्ठित माणसाला त्रास कशाला, असा सगळ्यांचा सूर. मी प्रत्येकाला एकच सांगितले, "तपास चालू आहे." तपास बंद करायचा असेल तर तसे लेखी द्या, एवढे मात्र मनात म्हटले. लेखी कुणीच देत नसते.

मधले दिवस हात चोळत गेले. खंडेनवमी उजाडली. या दिवशी कोल्हापुरात लोखंडाला विश्रांती आणि मान. कारखान्यातल्या यंत्रांपासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागते. ठाण्यात आम्हीही शस्त्रपूजन मांडले. बंदुका पुसून ठेवल्या, जीपला झेंडूची माळ घातली. एवढ्यात आमचे हवालदार अडगळीत पडलेली, मूठ निखळलेली एक जुनी लोखंडी ढाल घेऊन आले आणि बंदुकांशेजारी ठेवू लागले.

"ही कशाला?" मी विचारले.

"ऱ्हाऊ दे की साहेब. आजच्या दिवशी लोखंड अंधारात ठिवत न्हाईत. वर्षभर टोचत ऱ्हातंय मनाला."

मी आरतीचे ताट खाली ठेवले. ज्या माणसाला भंगारातल्या फ्रेमची दया येते, तो आज तिला बिनपूजेची ठेवणार नाही. साध्या कपड्यांतले दोघे लगेच त्याच्या मागावर पाठवले आणि पंचांना तयार ठेवले.

व्यापाऱ्याने घरच्या सायकलींची पूजा केली, मग दुकानातल्या काट्याची, शटरची. दुपारी तो झेंडूची माळ आणि नारळ पिशवीत घालून स्कूटरवरून कागलच्या दिशेने निघाला. त्याच्या एका नातेवाइकाचे गुऱ्हाळघर होते तिकडे. हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून ते बंदच होते. आम्ही जीप लांब उभी केली आणि चालत गेलो.

दार ढकलले तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर ती सायकल. खरे सांगतो, क्षणभर मीसुद्धा पाहतच राहिलो. कापलेले अंग त्याने पुन्हा जोडले होते, काळा रंग आरशासारखा चमकत होता आणि त्यावर सोनेरी बारीक रेघ ओढली होती. हँडलला माळ, चाकांना कुंकू, उदबत्ती नुकती लावलेली. आम्हाला पाहून तो पळाला नाही की ओरडला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "नारळ तेवढा फोडू द्या."

मी फोडू दिला. त्यानंतर पंचनामा केला. फ्रेमवरचा नंबर मुलीने मोबाइलमधल्या जुन्या फोटोवरून आधीच दिला होता. तो तंतोतंत जुळला. मुद्देमाल आणि आरोपी दोन्ही ठाण्यात आणले. त्याने सगळे कबूल केले. मास्क लावून आलेला माणूस तो स्वतःच होता आणि टेम्पो त्याच्या दुकानाचाच होता.

फिटर मुलीला पाठीवर घेऊन ओळख पटवायला आला, तेव्हा व्यापाऱ्याने तिला पहिल्यांदा पाहिले. फिटरच्या दारात त्याने दोन्ही वेळा फक्त सायकलच पाहिली होती. तो उठून उभा राहिला. "पोरी, तुला मी नवी घेऊन देतो. बॅटरीवर चालणारी, परदेशातनं मागवून. पण हिला परत कापू नका. हात जोडतो."

बाप विरघळला होता. तो मुलीला हळूच म्हणाला, "बघ की गं. चांगली मिळतीया."

मुलीने बापाच्या पाठीवरून वाकून सोनेरी रेघेवर बोट फिरवले. मग म्हणाली, "काका, लई देखणी केलीया तुम्ही. पण ती माझी हाय. माझ्या बानं माझ्या मापानं केलेली. मला तीच पायजे, पेटीसकट."

दसऱ्याची सुटी संपताच मी न्यायालयात अहवाल दिला आणि मुद्देमाल फिर्यादीच्या ताब्यात देण्याचा आदेश मिळाला. मधल्या काळात दूध संस्थेत मी स्वतः गेलो आणि तिथल्या साहेबांना आणखी थोडे थांबायला लावले. पोलिसाच्या विनंतीत जेवढा धाक असतो तेवढा त्यात होता, हे नाकारत नाही. फिटरने सोनेरी रेघेवर ग्राइंडर चालवला, पिवळ्या फुलांची पेटी पुन्हा जोडली आणि मुलगी आपल्या टेबलावर रुजू झाली.

खटला मात्र चालू होता. जामिनावर सुटलेल्या व्यापाऱ्याने वकिलामार्फत तडजोडीची विनंती केली. न्यायालयाच्या परवानगीने तसे करता येते. मुलीने अट घातली, ती ऐकून वकील खुर्चीत सरळ बसला. कागलला तिच्यासारखीच एक लहान मुलगी घरात पडून होती. तिच्यासाठी पेटीची सायकल करायची. व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या संग्रहातली सायकल कापून.

"पैशानं घेऊन दिलेली चालणार न्हाय," ती म्हणाली. "काकांचं हात चांगलं हायत."

व्यापाऱ्याने मान्य केले. न्यायालयाने परवानगी दिली, तरी माझा विश्वास नव्हता. एखादी मोडकी, गंजकी सायकल काढून तो वेळ मारून नेईल, असे मला वाटत होते. म्हणून एक दिवस न सांगता त्याच्या घरी गेलो. तो त्या मोठ्या खोलीत अंगात जुना शर्ट घालून उभा होता. सगळ्या सायकली त्याने भिंतीपासून पुढे ओढल्या होत्या. प्रत्येकीवर जोर देऊन तो फ्रेम तपासत होता.

लोभाने चोरी करणारे पुष्कळ पाहिले, भुकेने करणारेही पाहिले. प्रेमापोटी चोरी करणारा हा एकच. वस्तूवर इतके प्रेम जडावे की ती वापरणारे माणूसच दिसू नये, हेही गुन्ह्याचे कारण असू शकते, हे मला या प्रकरणाने शिकवले. आणि तो आजार बरा होतो, हेही त्याच खोलीत कळले.

"कुठली ठरवली?" मी विचारले.

खोलीच्या मध्यभागी, काचेच्या कपाटाशेजारी उभी असलेली सायकल त्याने दाखवली. झडतीच्या वेळी हिला हात लावू नका म्हणून तो माझ्या शिपायांवर ओरडला होता, तीच.

"ही का? ही तर तुमची सगळ्यांत लाडकी."

"व्हय," तो म्हणाला. "पण बाकीच्या लचकत्यात, साहेब. हिच्यात माणूस बसणार हाय." आणि त्याने डोळ्यांवर चष्मा चढवून ग्राइंडर सुरू केला.