सोजरबाई आणि बारा फुलपाखरं

केनवडच्या शाळेत मी सात वर्षं विज्ञान शिकवलं. त्या सात वर्षांत एकट्या सोजरबाईनं माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं सगळ्या पोरांनी मिळूनही खाल्लं नसेल. सोजरबाई म्हणजे शाळेत पाणी भरणारी, झाडझूड करणारी बाई. पन्नाशीची, काटक, एकटीच राहणारी. मनानं फार चांगली. पण चांगल्या मनाच्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

नको म्हटलेलं तिला कळायचंच नाही. शाळेच्या ओट्यावर कुणीही टेकलं, मग तो बांगड्या विकणारा असो की वाट चुकलेला म्हातारा, ही हातातला झाडू टाकून त्याला आधी पाणी देणार, वर फडक्यातली आपली अर्धी भाकर पुढं करणार. परीक्षा चालू असली तरी तेच. मी ओरडलो की म्हणायची, "आल्या माणसापुढं रिता हात करता येते का, गुरुजी?"

शहात्तर साली मी फुलपाखरांचा प्रयोग मांडला. शाळेमागच्या लिंबोणीवरच्या अळ्या पाळल्या, माझ्या लग्नातली मच्छरदाणी चार बांबूंना बांधली (त्यावरून घरी खाल्लेली बोलणी वेगळीच), आणि बारा फुलपाखरं त्या मच्छरदाणीतच जन्मली. बाहेरचं एकही फूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आत पतंगाच्या कागदाची फुलं लावली. निळी, लाल, पांढरी, पिवळी. प्रत्येक फुलात औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवलं. पहिल्या दिवशी सगळी झाकणं रिकामी, तर जवळजवळ सगळी फुलपाखरं निळ्यावरच झेपावली. ती त्यांची उपजत आवड. मग सहा दिवस साखरपाणी फक्त पिवळ्यात घातलं. हळूहळू निळं सुटलं आणि पिवळ्यावर गर्दी व्हायला लागली.

आता राहिली शेवटची परीक्षा. सगळी झाकणं धुऊन पुन्हा रिकामी ठेवायची. तरीही ती पिवळ्यावरच आली, तर फुलपाखराला आठवण असते हे सिद्ध झालं. सोमवारी तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर प्रयोग अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार. आमच्या शाळेतून तिथं आजवर कागदाचा कपटासुद्धा गेला नव्हता. मला घास गोड लागेना.

सोमवारी साहेब आले. मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. पहिलं फुलपाखरू लालवर बसलं आणि उठेचना! दुसरं पांढऱ्यावर. तिसरं निळ्यावर. सोंडा खुपसून मजेत पीत बसली होती. मी झाकणात बोट बुडवून चाटलं. गोड! चारही रंगांत साखरपाणी!

"गुरुजी, तुमच्या फुलपाखरांना तर काहीच आठवत नाही की हो," साहेब हसायला लागले. मी गयावया केली तेव्हा कुठं शुक्रवारी पुन्हा यायला तयार झाले. "शेवटची संधी बरं का. तीस वेळा पिवळ्यावर बसलेलं मोजून दाखवा."

जीप वळली तशी मी सोजरबाईला गाठलं.

"मीच घातलं," ती सरळ म्हणाली. "तुमची साखर नाई घेतली. माह्या घरची होती."

"अहो बाई, ती रिकामीच ठेवायची होती! काहून केलं तुम्ही असं? आठवड्याची मेहनत मातीत घातली माझी!"

"सहा दिवस जेवू घातलं, आन आता उपाशी जीव येते का नाई ते पाह्यत बसाचं? हे कोणतं शिक्षण हाये, बापा?"

"त्यांना आठवतं की नाही, तेच तर पाहायचं!"

"आठवते ना. मले इचारा." तिनं बादली खाली ठेवली. "बहात्तरच्या दुष्काळात मी मालेगावच्या रस्त्यावर खडी फोडत होती. दुपारी हिरव्या गाडीतून सुकडी ये. मूठभर गोड पीठ, पन तेवढ्यावर दिवस निघे. मंग काम बंद झालं, सुकडीबी बंद झाली. बंद झाली, हे मले मालूम होतं. तरी कोणतीबी हिरवी गाडी दिसली का माहे पाय रस्त्याकडं. हातात रिकामं भगुनं घेऊन मी उभी. सालभर. लोक हसत मले."

बादली उचलून ती विहिरीकडं गेली. मी धुमसतच राहिलो. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला तिच्या सुकडीपेक्षा माझं अकोला मोठं होतं.

शुक्रवारपर्यंत मी मच्छरदाणीवर पहारा दिला. तीन दिवस पुन्हा फक्त पिवळ्यात साखरपाणी. शुक्रवारी सकाळी सगळी झाकणं धुतली, पुसून कोरडी केली, आणि सोजरबाईला मच्छरदाणीच्या जवळ फिरकायचं नाही म्हणून बजावलं.

साहेब खुर्चीत बसले. एक फुलपाखरू सरळ पिवळ्यावर आलं. सोंड घातली, काढली, पुन्हा घातली. उडालं आणि फिरून पिवळ्यावरच. दुसरंही तसंच. निळ्याकडं कुणी बघेना.

"वा, गुरुजी!" साहेब खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

दहा झाले. पंधरा. अठरा. मी रेघा ओढत होतो. तेच पहिलं फुलपाखरू पाचव्यांदा आलं आणि कोरड्या झाकणात सोंड फिरवत राहिलं.

एकोणिसावी रेघ मला ओढवेना.

"थांबलात का?" साहेब म्हणाले. "मोजा की, गुरुजी."