पाण्यावरची वैरण

…तर रबरी नळी गोजरबाईच्या चिमटीत होती, इथवर आपण काल आलो होतो. काल ज्यांना डुलकी लागली त्यांच्यासाठी जरा मागं जातो. लढाईची सालं, निजामाचं राज्य. गोजरबाई हिंगोलीच्या एका दवाखान्यात आया होती. मूळची साखरा गावची, नवरा गेल्यावर इथं आलेली. लेकरू कुणाचंही असो, मांडीवर आलं की तिचा हात आपोआप थोपटायला लागायचा.

त्या दुपारी कनेरगाव नाक्याकडच्या लमाण तांड्यावरून पेमा आणि त्याची बायको मिराबाई बैलगाडीत पोरगी घालून आले. पोरगी कसली, कातड्याखाली नुसती हाडं, पावलं तेवढी सुजलेली. त्यात हगवण. हातपाय गार पडलेले, डोळे अर्धे उघडे, नाडी बोटाला लागेना. डॉक्टरसाहेबांनी पायाची शीर धुंडून सुई घातली आणि मीठसाखरेच्या पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. नळी आवळायच्या स्क्रूचे आटे गेलेले, लढाईत नवा कुठून आणणार? म्हणून पोरीला गोजरबाईच्या मांडीवर निजवलं आणि नळी तिच्या चिमटीत दिली. घड्याळ बघून थेंब कसा सोडायचा ते दाखवलं आणि बजावलं, उपाशी लेकराचं काळीज पातळ झालेलं असतं, पाण्याचा लोंढा गेला तर ते आतल्या आत बुडेल. धाप लागली तर नळी दाबून मला हाक मार. मग ते पलीकडच्या खोलीत गेले.

साहेबांकडं घड्याळ होतं, गोजरबाईकडं जातं. तिनं मनातल्या मनात ते मांडलं. खुंटा एकदा फिरला की एक थेंब, असा मेळ बसवला आणि ओठांतल्या ओठांत ओवी धरली. नळीमधल्या काचेच्या नळकांड्यात थेंब फुगायचा, त्यात खिडकीबाहेरचा कडुनिंब उलटा दिसायचा आणि मग ते झाड अलगद खाली सुटायचं. पुन्हा थेंब, पुन्हा झाड. बघता बघता तिला वाटायला लागलं, आपण साखऱ्याच्या घरात दळायला बसलोय, जात्यातून पिठाऐवजी पाणी झरतंय आणि त्या पाण्याच्या कडेकडेनं एक पोरगी दमादमानं चालत येतेय. ओवी चुकली तर ती वाट चुकेल.

तेवढ्यात पेमा बैलं सोडून आत आला. बाटली अजून भरलेली, पोरगी निपचित आणि ही बाई आपली गुणगुणत बसलेली. त्याचा चेहरा तापला.

"काहून आवळून धरली? आमी तांड्याचे म्हणून थेंब थेंब का?"

मिराबाईनं बाही ओढली, तरी त्याचा हात नळीपर्यंत गेलाच. गोजरबाईनं चिमूट सोडली नाही, आवाजही चढवला नाही. लहानपणी साखऱ्याच्या विहिरीवर उतरलेला तांडा तिच्या डोळ्यांपुढं आला. तहानलेल्या बैलापुढं पाणी ठेवलं की ते लोक वर मूठभर वैरण टाकायचे. बैलाला काड्या ओठांनी सारत सारत प्यावं लागायचं, ढोसता यायचं नाही.

"पेमा, उन्हातून आलेल्या बैलाला तसंच पाणी पाजतो का रे तू?"

पेमाचा हात हवेतच राहिला. पोरपणी ती वैरण टाकायचं काम त्याचंच होतं. तो तिच्याजवळ खाली बसला.

मग बऱ्याच वेळानं गोजरबाईची बोटं बधिर व्हायला लागली. थेंब ओवीच्या मागं पडू लागला. तिनं मानेनंच खुणावलं, पेमानं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि नळी धरली. ओवी तिची, हात त्याचा. मिराबाई पोरीच्या छातीशी कान लावून श्वास ऐकत होती. गोजरबाईला वाटलं, कडुनिंबाखालून बैलांची रांग चाललीय, गळ्यातल्या घंटा मंद वाजताहेत, कुणालाच घाई नाही.

ऊन खिडकीतून खाली घसरलं आणि तिच्या मांडीला ऊब लागली. पोरीनं मुतून लुगडं ओलं केलं होतं. मिराबाई शरमून फडकं शोधू लागली, तशी गोजरबाई खुदकन हसली, म्हणाली, राहू दे गं, याचीच तर वाट बघून राहिले, पाणी अंगी लागलं तिच्या. पोरीनं डोळे उघडले आणि बारीक सूर काढून रडली. पावलांचा गारठा सरला होता.

रडणं ऐकून साहेब आले. नाडी चाचपली, ती लागली. मग नळी पेमाच्या चिमटीत दिसली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नळी ह्याच्या हातात कोणी दिली, आणि हा इथं करतोय काय, असं त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

गोजरबाईनं आधी ओवीचा चरण पुरा केला, मग म्हणाली, "साहेब, पाणी तुमचंच हाये. त्यो निस्ती वैरण टाकून राहिला त्याच्यावर."