आईला कुणी विचारलं नव्हतं

माझ्या बाबांना देवाचं बोलावणं आलं ते ठाण्याच्या कोर्टात, भर दुपारी, एका दाव्याची नक्कल उतरवताना. वाक्य अर्धं टाकून ते उठले, राजीनामा लिहून दिला आणि घरी आले. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी मॅट्रिकला होते.

आई नुकतीच दवाखान्यातून परतली होती. बाळंतपणाच्या वॉर्डात ती नर्स होती. पायातल्या वहाणाही तिने अजून काढल्या नव्हत्या.

"मुरबाडच्या पलीकडे, डोंगराखाली एक वाडी आहे," बाबा म्हणाले. "तिथल्या मुलांना शिकवायला जायचंय. मला स्पष्ट ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"ऊठ आणि जा."

"कोणाला म्हणाला? या घरात आपण तिघं आहोत."

बाबा शांतपणे शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, माणसं सांगू लागले. एक जण सासऱ्याची मेंढरं राखत होता, एक शेत नांगरत होता, एक जकातीच्या नाक्यावर बसला होता. कुणालाच आधी विचारलं नव्हतं. सगळे हातातलं काम टाकून निघाले.

"आणि त्यांच्या बायका? त्या काय म्हणाल्या ते कुठे लिहिलंय, दाखवा मला."

बाबांनी खरोखरच पुस्तक उघडलं आणि पानं उलटत बसले. त्या काळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब अभिनंदन करायला आले. आईने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं, पाळकसाहेब?"

"प्रभूने, बाई."

"मग तुम्ही जा ना मुरबाडला."

बाबा गेले. निघताना दाराशी "येतो गं" म्हणाले. मी आतून ओ दिली नाही. आईने रविवारी उपासनेला जाणं सोडलं. शेजारणी विचारायच्या, "पत्र आलं का?" आई म्हणायची, "देवाला विचारा."

चार महिन्यांनी कार्ड आलं, हिवतापाने आजारी आहे म्हणून. आईने आठवड्याची रजा काढली आणि मलाही बरोबर घेतलं. कल्याणहून एस.टी.ने मुरबाड, तिथून पुढे पायी. वाटभर ती एकच बोलत होती, "तुझ्या बापाला बखोटीला धरून आणते."

बाबा एका झोपडीत पडले होते, गालफडं बसलेली. शाळा आठ दिवसांतच ओस पडली होती. आईला पाहून ते रडायला लागले. "मला नाही जमत इथे. मला घरी ने."

आईच्या चेहऱ्यावर दया दिसली नाही. तिने मुकाट्याने त्यांचे कपडे बांधायला घेतले. तेवढ्यात दारात एक माणूस आला. त्याची बायको दोन दिवस अडलेली होती. मास्तरांची बायको दवाखान्यातली आहे, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

"मी इथे काम करायला आलेली नाही," आई म्हणाली.

तो विनवणी करत बसला नाही. उंबऱ्याबाहेर तसाच बसून राहिला. आई थोडा वेळ घड्या घालत राहिली. मग हातातला सदरा तिने भिरकावला आणि वर छपराकडे बघून ओरडली, "लाज नाही वाटत तुला?" बाबांना वाटलं, त्यांनाच बोलली. ते घाबरून उठून बसले.

मूल पायाळू होतं. संध्याकाळपर्यंत आई त्या बाईपाशी होती. दोघंही वाचली. सकाळी दारासमोर सात बायका बसलेल्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणी पोटुशी.

रजा संपली तेव्हा आईने बाबांना आणि मला परत धाडलं. "मी येते मागून," म्हणाली. आली ती दवाखान्यात राजीनामा द्यायला आणि आपलं सामान न्यायला.

"तुलाही ऐकू आलं का?" मी खोचकपणे विचारलं.

"मला काही ऐकू आलं नाही. येऊही नये."

ती तिथे आठ वर्षं राहिली. बाबांना कल्याणात एका वकिलाकडे कारकुनी मिळाली आणि आम्ही तिकडे खोली घेतली. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबलं, कारण बाबांचा डबा करायला कुणी नव्हतं. चर्चच्या मंडळीत मात्र बाबांचा मान वाढला. कोर्टात आवाज कसा ऐकू आला हे लोक त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकत. झोपडीतलं रडणं ते कधी सांगत नसत. मागच्या बाकावर बसून मी दात आवळायचे.

डोळे अधू झाल्यावर आई परत आली. पहिल्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं, "तुला नेलं म्हणून देवाला मी माफ केलेलं नाही."

"मी तरी कुठे केलंय," ती म्हणाली आणि चहा करायला आत गेली. ते स्वयंपाकघर माझ्या हाताने लावलेलं होतं. फळीवर चाचपडत ती साखरेचा डबा शोधत राहिली. मला तो समोर दिसत होता. मी उठले नाही.