मामांच्या गाडीची चतुःसीमा

दिशा चुकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत पहिला नंबर माझाच लागेल. पण सगळ्या दिशा अचूक ठाऊक असल्यामुळे चुकणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली, निवृत्त होऊन लोणावळ्याजवळ कुसगावच्या रस्त्याला छोटंसं घर बांधलं, पण मोजणी काही अंगातून गेली नाही. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या लेखी अडाणी. "डावं म्हणजे कुणाचं डावं? तुमचं की माझं?" असं विचारून ते भल्याभल्यांना गप्प करत. जेवताना म्हणत, "जावईबापू, ती दक्षिणेकडची चटणी जरा सरकवा," आणि मी दर वेळी लोणच्याला हात घाली. आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी कोटाच्या खिशातून होकायंत्र काढलं आणि नवरदेव ईशान्येला कलला आहे असं भर मंडपात जाहीर केलं. मी घाबरून सरकलो तो थेट भटजींच्या पायावर. लोणावळ्याच्या शाळेत मुलांना मराठी शिकवणारा साधा माणूस मी, मला काय कळणार ईशान्य!

मामांची एक खाकी पुठ्ठ्याची वही होती. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, तशी त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची चतुःसीमा त्या वहीत नोंदली होती. डोळ्यांपेक्षा त्यांचा विश्वास वहीवर जास्त. एकदा मामींनी फळीवरचे डबे घासून-पुसून परत लावताना जागा बदलल्या. मामी देवळात गेल्या असताना मामांनी माझ्यासाठी चहा केला आणि वही उघडून 'उत्तरेची फळी, पश्चिमेकडून तिसरा' या नोंदीप्रमाणे त्यात दोन चमचे घातले. पहिल्या घोटालाच माझे डोळे पांढरे झाले. "मामा, अहो हे मीठ आहे!" मामांनी शांतपणे वही पाहिली, आपल्या कपातला आणखी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वहीप्रमाणे ही साखर आहे." तो कप त्यांनी संपवला. मी माझा तुळशीत ओतला, आणि आठ दिवसांनी तुळस गेली त्याचा दोषही माझ्याच माथी आला.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास या गृहस्थांनी मोटार घेतली. एक पारशी म्हातारबुवा लोणावळ्याचा बंगला सोडून चालले होते, त्यांची युद्धाआधीची विलायती गाडी. आम्हाला वाटलं, म्हातारपणी हौस सुचली. पण कारण मामी होत्या. मामींचं माहेर आंदर मावळात, अगदी आतल्या खेड्यात. तिथं तेव्हा एसटी पोचत नव्हती, शेवटचे दोन-तीन कोस पायी. मामींचे गुडघे गेलेले, त्यातून कमरेचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी बैलगाडीचे धक्के कायमचे बंद केलेले. सहा-सात वर्षांत त्यांना माहेरचा उंबरा दिसला नव्हता. थोरला भाऊ, गावचे आबा, दम्यानं घरातच बसलेला. "एकदा ओट्यावर बसून आबाला ओवाळलं की झालं बाई," असं मामी दर दिवाळीला म्हणत. मामांनी त्या वर्षी शब्द दिला, "भाऊबीजेला तुला दारापर्यंत नेतो. पायरीला चाक लावतो."

आता गाडीला एकच दुखणं होतं, पण ते मोठं होतं. गाडी जिथं उभी राही तिथं तेलाचं थारोळं. मामांनी मला गाडीखाली वाकायला लावून समजावलं. गिअरच्या पेटीतून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो. तो जिथून बाहेर पडतो तिथं एक कडं असतं, त्याला ऑइल सील म्हणतात. कडं झिजलं की तेल गळतं. नव्या कड्याचा बारीक ओठ नेमका तेलाच्या बाजूला, म्हणजे पुढं पेटीकडे, यावा लागतो. मी मान डोलावली. यातलं मला डोंबल काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, गावात मेकॅनिक आहे की." त्यावर ते अशा नजरेनं पाहू लागले, जणू मी बायकोला दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी धाडायला सांगितलं होतं.

दिवाळीआधी चार दिवस गाडीखाली गोणपाट पसरलं गेलं. मामा आत, बाहेर त्यांचे फक्त पाय. एकेक नट निघे आणि आतून आवाज येई, "लिहा! दांड्यावर खडूची खूण, उत्तरेस. बोल्ट चार." मी वही घेऊन उकिडवा बसलेला. दांडा निघाला, उरलंसुरलं तेल मामांच्या बनियनवर आणि माझ्या नव्या धोतरावर आलं. शेवटी जुनं कडं निघालं, तेव्हा मामांनी बाहेर येऊन, होकायंत्र मातीवर ठेवून, वही माझ्याकडून घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'ओठ पूर्वेस.' दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते नवं कडं आणायला पुण्याला गेले.

तो धनत्रयोदशीचा दिवस. मामी अंगणात शेणसडा घालत होत्या. मी फराळाचं नेऊन द्यायला गेलो तर म्हणाल्या, "जावईबापू, तेवढी गाडी फिरवून घ्या ना. सणासुदीची दाराकडे पाठ करून उभी आहे मेली. लक्ष्मी यायची ती पाठ बघून परत जायची." आता याला कोण नाही म्हणणार? शेजारच्या दोघातिघांना हाक मारली, गाडी जॅकवरून उतरवली आणि रेटारेटी करून घराकडे तोंड करून उभी केली. मामींनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. संध्याकाळी मामा आले, माळ पाहून खूश झाले, "छान दिसते की गं!" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन गाडीखाली शिरले. वहीत लिहिल्याबरहुकूम सगळं बसवलं. एकही नट उरला नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली आणि माझा उरलेला सदराही गेला.

भाऊबीजेला सकाळी निघालो. मामी मागं, मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. मी पुढं, मामांच्या 'आग्नेयेला'. कान्ह्यावरून टाकव्याकडे वळलो तोवर स्वर्ग होता. आंबेमोहर पिवळा झालेला, त्याचा वास गाडीत भरला होता आणि मामी एकेका वळणाला सांगत होत्या, "इथं आम्ही करवंदं खायचो. इथं आबा बैलावरून पडला होता." मग रस्ता कच्चा झाला आणि गाडीच्या पोटात कुणीतरी खडी दळायला बसलं. मामांचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटच्या चढाखाली, ओढ्यापाशी, करकचून आवाज झाला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. मी खाली उतरून मागं पाहिलं. आलो त्या वाटेवर तेलाची काळी रेघ होती.

वर गाव दिसत होतं. घर दिसत होतं. मामी खिडकीतून नुसत्या बघत राहिल्या. भाताच्या खाचरातली माणसं धावली. "आत्या, डोली करतो, उचलून नेतो तुमास्नी, त्यात काय!" मामी हसल्या, म्हणाल्या, "चौघांनी उचलायला अजून वेळ आहे रे मला." डोलीत बसायला काही त्या तयार झाल्या नाहीत. तेवढ्यात वरून आबा येताना दिसले. काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबून धापा टाकत. त्यांना पोचायला किती वेळ लागला कोण जाणे. गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी श्वास घेतला आणि बहिणीचा हात धरला. "आलीस व्हय? लय वाट पाह्यली बग." मामींनी मागच्या सीटवरूनच त्यांना ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन विझत होतं, मी धोतराचा आडोसा धरून उभा होतो. मामा मात्र ओढ्याकडे तोंड करून उभे होते आणि त्या दिवशी ती कुठली दिशा होती ते त्यांनी सांगितलं नाही.

एका ट्रकला बांधून गाडी परत आणली. लोणावळ्याच्या मेकॅनिकनं कडं काढून हातावर ठेवलं. "साहेब, ओठ मागं तोंड करून बसवलाय. उलटं झालं सगळं." मामांनी वही उघडली, ते पान पाहिलं, वही मिटली. "तीस वर्षांत एक नोंद चुकलो," एवढंच म्हणाले, "तीही हीच." त्यानंतर त्यांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. चटणी मागतानासुद्धा नुसता हात पुढं करत, आणि मला त्या दक्षिणेची आठवण येई. मामींनी त्यांना कधी बोल लावला नाही. पण माहेर राहिलं ते राहिलंच. पुढच्या आषाढात मामी गेल्या.

त्यानंतरच्या दिवाळीत मी मामांकडे ओटीवर बसलो होतो. वही तिथंच पडली होती, सहज चाळली. 'ओठ पूर्वेस.' मी अंगणाकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात वर्षभरानं उजेड पडला. कर्म माझं! "मामा," मी म्हटलं, "गाडी मी फिरवली होती. तुम्ही पुण्याला गेला होता त्या दिवशी. मामी म्हणाल्या, लक्ष्मीकडे पाठ नको. तुम्ही लिहिलंत तेव्हा गाडीचं तोंड पूर्वेला होतं. मी फिरवल्यावर ते पश्चिमेला झालं, आणि पूर्वेचा ओठ मागं गेला. तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्या, त्या काही पाठ फिरवत नाहीत, म्हणून तोंड कुठं आहे ते लिहायचं तुमच्या मनातच आलं नाही."

मामा आधी गोंधळले. बोटानं त्यांनी हवेत गाडी फिरवून पाहिली, एकदा, दोनदा. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की साखळी खांद्यावर टाकून डोंगर चढणारा तरुण मोजणीदार मला दिसला. वही हातात घेऊन ते ताडकन उठले आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अगं ऐकलंस का? माझी नोंद बरोबर होती! तूच ती गाडी..."

आणि दारातच थांबले.

मी उठलो, त्यांच्या बाजूनं आत गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उत्तरेच्या फळीवर, पश्चिमेकडून तिसरा होता. मामींनी तो कधीतरी परत वहीप्रमाणे लावून ठेवला होता.