आप्पांचे अपडेटचे मेल

दौंडचे एक आप्पा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या बौद्ध समाजातली लग्नं जुळवायचं काम अंगावर घेतलं होतं. एक पैसा घ्यायचे नाहीत. मुलं कुरकुंभला, सणसवाडीला कंपन्यांत लागलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, मुली गावोगावी. कोण कुणाला ओळखणार? म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. तेव्हा, म्हणजे दोन हजार आठ-नऊच्या सुमारास, शिरूरमध्ये मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे आणि उरल्या वेळात साइट करून द्यायचे. आप्पांची साइट मीच केली.

साइटवर फोटो दाखवायला एक, माहिती भरून घ्यायला एक, असे तयार मिळणारे छोटे प्रोग्राम जोडावे लागायचे. त्यांना अॅड-ऑन म्हणायचे. त्यातल्या एखाद्याची नवी आवृत्ती निघाली की साइट आपोआप मेल पाठवायची. साइटवर पत्ता आप्पांचा दिलेला, म्हणून मेलही आप्पांनाच जायचे. मजकूर सगळा इंग्रजी. आप्पा नेटकॅफेत जाऊन तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, आणि त्यात ‘सिक्युरिटी’ हा शब्द ऐकला की तिथूनच मला फोन करायचे.

“मॅडम, साइटला काय झालंय का?”

काही झालेलं नाही, नुसतं बटण दाबून नवी आवृत्ती घ्यायची असते, असं मी सांगायचे. त्यांना पटायचं. चार दिवसांनी दुसऱ्या अॅड-ऑनचा मेल यायचा आणि पुन्हा फोन. इकडे लोडशेडिंगमुळे क्लासच्या बॅचेस कधी पहाटे, कधी भर दुपारी घ्याव्या लागत. उभं राहून राहून पोटऱ्या भरून यायच्या. लाइट आली की आधी मुलांचं प्रॅक्टिकल उरकायचं, मग आप्पांची साइट. मला आप्पांचा राग यायचा नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

शेवटी मी ठरवलं, त्यांचे मेल बंदच करायचे. इथून परस्पर करता आलं असतं, पण त्यांना न सांगता करणं बरं वाटेना. एका रविवारी एसटीनं दौंडला गेले. काकूंनी चहा टाकला. नेटकॅफेत जाऊ, मी एक खूण काढून टाकते, मग तुम्हाला मेल येणार नाहीत, असं मी आप्पांना समजावून सांगितलं.

“बंद नका करू,” ते म्हणाले. “पोरींचे फोटो हायेत त्याच्यावर.”

मग त्यांनी सांगितलं. कोरेगाव भीमाचे एक गृहस्थ मुलीचा फोटो द्यायला तयार नव्हते. आप्पा दोनदा त्यांच्या घरी गेले. शेवटी त्यांनी फोटो दिला आणि म्हणाले, ‘आप्पा, फोटो तुमच्या हातात देतोय, इंटरनेटच्या न्हाई.’ तेव्हापासून प्रत्येक मेल आला की आप्पांना वाटायचं, कुणीतरी कुलूप तोडतंय.

मी त्यांना म्हटलं, मेल माझ्याकडे वळवते, मी लक्ष ठेवीन. म्हणताना मला माझाच आवाज जड वाटला. आप्पांना तो ऐकू आला असावा.

“तुम्ही तरी किती बघणार?” ते म्हणाले. “मला सांगा, फोटोच काढून टाकले तर?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, मग फोटोचा अॅड-ऑनच लागणार नाही, आणि त्याचे मेलही नाहीत. पण फोटो नसले तर साइट कोण बघणार?

“फोन नंबर हाय की. ज्याला बघायचंय त्यो घरी यील.”

आम्ही नेटकॅफेत गेलो. मी एकेक फोटो काढला. दर फोटोला आप्पा मुलीच्या वडिलांचं नाव पुटपुटायचे, आणि फोटो पडद्यावरून गेला की मान हलवायचे. मग तो अॅड-ऑन काढला. माहितीच्या अर्जाचा ठेवला, पण त्याचे मेल माझ्या पत्त्यावर वळवले आणि आप्पांच्या पत्त्यापुढची खूण काढली. उठताना आप्पांनी विचारलं, “आता काय न्हाई ना येणार?” नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. इतके दिवस मी एकटीच थकलेय असं मला वाटत होतं.

साइटवर येणारी माणसं कमी झाली. पण कुरकुंभची मुलं पहिली पाळी सुटल्यावर आप्पांच्या घरी जाऊ लागली. काकू सगळ्यांना चहा द्यायच्या, आणि आप्पा मुलगा कसा बसतो, कसा बोलतो ते बघून मगच फोटो दाखवायचे. कोरेगावच्या त्या मुलीचं लग्न असंच जमलं. आप्पांनी आमंत्रणाचा फोन केला, तेव्हा माझ्या क्लासच्या परीक्षा चालू होत्या. मी येते म्हटलं, पण जाणं झालं नाही.

मी केलेल्या बाकीच्या साइटचे मेल मला येतच होते.