उखडलेल्या फळ्या

स्लॅबखाली फळ्या-बल्ल्यांचं सेंट्रिंग ठोकणारा हा मिस्त्री मला दिग्रसच्या बाजूला नेहमी भेटतो. नाव लिहिणार नाही, कारण पुढे कळेल. तोंडात खिळे धरायची त्याला सवय आहे. नको तो प्रश्न आला की नुसतं "हूं" म्हणतो.

एका टोळीनं दिवसाला किती काम करावं, ते आम्हा मजूर संघटनेवाल्यांना पत्रकात छापायचं होतं. ठेकेदारांची मनमानी चालणार नाही! मी विचारलं, तर परवा म्हणाला, "एक खोली." काल म्हणाला, "अर्धी समज, बेटा." मी चिडलो. आकड्याशिवाय भांडायचं कसं?

काल संध्याकाळी पाहतो तर हा आपल्याच ठोकलेल्या फळ्या उखडत होता! समोरच्या भिंतीकडून त्याचा म्हातारा जोडीदार एकेक फळी सावकाश ठोकत येत होता. दोन्ही बाजू सारख्या दिसू लागल्यावरच हा थांबला. तेवढ्यात ठेकेदार आला.

"मिस्त्री, दिवसभर झोपा काढून राह्यले काय?"

हा मान खाली घालून हसला.

ठेकेदार गेल्यावर मी भडकलो. "चाचा, काहून ऐकून घेता?"

"मले बोलून तो थकते. मंग बुढ्याकडे पाहत नाही."

आता एका खोलीचा आकडा छापला तर म्हाताऱ्याचं काम जाईल. हा फळ्या उखडतो हे खरं छापलं तर दोघांचंही. मग आम्ही छापायचं तरी काय?

आज पुन्हा विचारायला गेलो. त्यानं मला लांबूनच पाहिलं आणि खिळे तोंडात धरले.