त्या कामाचा दाखला

साहेबांनी फाईल हातात दिली नाही. अंगावर फेकली. वॉर्डातला राउंड नुकताच संपला होता. दोन नर्सा आणि दवाखान्याचा कारकून तिथंच उभे होते. पानं फरशीवर पसरली. मी वाकून गोळा करायला लागले. साहेब वरून म्हणाले, "संदर्भ म्हणजे काय, माहीत आहे का? ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहायचं. तुमच्या लोकांना घेणं तेवढं माहीत. नाव लिहायचं म्हटलं की जड जातं."

कारकून हसला. नर्सा भिंतीकडं बघत राहिल्या. मी शिकून डॉक्टर झालेली बाई. गुडघ्यावर बसून कागद वेचत होते.

साहेब म्हणजे आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर. त्या फाईलमधे त्यांचा लेख होता. मुंबईच्या एका वैद्यकीय जर्नलनं तो परत पाठवला होता. मजकूर बरा आहे, संदर्भ नियमाप्रमाणं नाहीत, असं कळवलं होतं. ते संदर्भ साहेबांनीच लावले होते. शिव्या मला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. उस्मानाबादपासून तुटलेलं. नव्या पाट्या, नव्या जीपा, नवे साहेब. पाणी तेवढं नव्हतं. पाऊस गेलेलाच होता. मुरुडकडच्या खेड्यांत बाया नदीच्या कोरड्या वाळूत झिरे खांदायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. ते गढूळ पाणी पिऊन लेकरं हगवणीनं सुकून चालली होती. साहेबांनी मला जीपमधे घालून तिकडं पाठवलं. म्हणाले, "तुझीच माणसं आहेत. तुझ्याशी बोलतील."

माझं आडनाव सांगितलं की लातुरात पुढचं काही विचारावं लागत नाही.

मी गेले. शाळेच्या ओसरीवर लेकरं आडवी केली. आयांना मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला शिकवलं. एका पोरीची जीभ कातड्यासारखी वाळली होती. तिच्या आईनं दुपारपासून अंधार पडेस्तोवर चमचा खाली ठेवला नाही. पोरगी उठून बसली. शेजारच्या घरातलं पोरगं मात्र माझ्या हातावर गेलं. कुणाला किती पाजलं, कोण वाचलं, कोण गेलं, सगळं मी लिहून ठेवत होते. त्याचेच पुढं तक्ते केले. त्या तक्त्यांवर साहेबांनी लेख उभा केला. मी म्हटलं, बरं झालं. चार दवाखान्यांत वाचतील, चार लेकरं वाचतील.

लेख परत आल्यावर संदर्भ जुळवायचं काम माझ्याकडं आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. लेखात दुसऱ्याचं काही घेतलं की तिथं आकडा टाकायचा. मजकुरात ज्या क्रमानं नावं येतील त्याच क्रमानं शेवटी यादी. आडनाव आधी, मग नावाची अक्षरं, लेखाचं नाव, जर्नलचं नाव ठरलेल्या पद्धतीनं तोडून, साल, खंड, पानं. मधे एक संदर्भ घुसवला की पुढचे सगळे आकडे बदलतात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आकडे बदलले की पानंच्या पानं पुन्हा टाईप करायची.

आणि साहेब घुसवायचे. दर खेपेला स्वतःचा एखादा जुना लेख. एकदा तर हृदयविकाराचा. मी म्हटलं, "सर, हा लेख हगवणीचा आहे." ते म्हणाले, "माझं नाव यादीत दिसलं पाहिजे. कुठं बसवायचं ते तू बघ."

सुट्टीच्या दिवशी मी नांदेडची एसटी धरायची. तिथल्या ग्रंथालयात जाऊन एकेक साल, एकेक पान ताडून बघायची. आलं की साहेबांच्या बंगल्यावर. बैठकीत नाही, मागच्या व्हरांड्यात. साहेबांच्या घराण्याची गंजगोलाईच्या बाजारात अडत होती, दारात पाण्याचा टँकर उभा राहायचा. मला तहान लागली की बाईसाहेब तांब्या घेऊन यायच्या. पेला द्यायच्या नाहीत. वरून धार धरायच्या, मी ओंजळ करायची. "दुष्काळ आहे ना, भांडी कोण घासणार," असं म्हणायच्या. साहेबांचा जावई पुण्याहून आला की त्याला काचेच्या पेल्यात सरबत यायचं. दुष्काळ माझ्यापुरताच होता. मी पीत राहिले. मान खाली घालून, ओंजळीनं.

यादी पक्की झाली. सगळा लेख टायपिंगला दिला. टाईप करणारे कुद्दूसभाई स्टँडजवळ बसायचे. पहिलं पान मशीनवर चढवलं आणि थांबले.

"डॉक्टरबाई, याच्यात तुमचं नाव कुठंय?"

मी वाकून बघितलं. नावाचं पान साहेबांनी त्या दिवशीच दिलं होतं. लेखक दोघं. साहेब आणि त्यांचा जावई. जावई त्या उन्हाळ्यात एकदाही खेड्यात आला नव्हता. शेवटच्या पानावर आभार होते. वॉर्डातल्या कर्मचारीवर्गाचे.

मी सगळे कागद उचलले आणि तशीच दवाखान्यात गेले. आमच्या घरात महिन्याला पगार आणणारी मी पहिली. ते सगळं डोक्यात होतं.

साहेबांना विचारलं, माझं नाव का नाही. त्यांना नवल वाटलं. रागावले पण नाहीत. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "सरकारी दवाखान्यातलं काम सरकारचं असतं. आणि तुझं आडनाव माझ्या नावाशेजारी छापून आलं तर लोक काय म्हणतील? सवलतीत नोकरी मिळाली, त्यात समाधान मान."

मी म्हटलं, "ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहायचं, असं तुम्हीच म्हणालात."

आता मात्र ते उठले. म्हणाले, "दाराबाहेर पाऊल टाकलंस तर या जिल्ह्यात राहणार नाहीस."

माझे तक्ते आणि संदर्भांची यादी मी काढून घेतली. बाकीचा लेख त्यांच्या टेबलावर ठेवला. "संदर्भ तुमचे तुम्ही जुळवा," मी म्हटलं, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

मायला सांगितलं तर ती घाबरली. "साहेबाच्या पाया पड. आपून लहान मान्सं हाव. नोकरी गेली तर काय करशील?"

मी म्हटलं, "न्हाई पडायची." ती रडली. मी तिची समजूत काढली नाही.

थोड्याच दिवसांत बदली आली. उमरीकडं, नांदेड जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात. तिथून नांदेडच्या ग्रंथालयात जाऊ लागले. तिथंच एक दिवस तो लेख छापलेला बघितला. तक्त्यांची नक्कल त्यांच्याकडं होतीच. माझी लेकरं आकड्यांत बसवली होती. माझ्या हातावर गेलेलं पोरगंही त्यात होतं. वर साहेब आणि जावई. संदर्भांत एकही चूक नव्हती. माझ्याच जुन्या प्रतीवरून उतरवले होते.

उमरीकडच्या खेड्यांतही तेच पाणी, तीच हगवण. तिथं केलेल्या कामावर मी लेख लिहिला. एकटीच्या नावानं. त्याच जर्नलला पाठवला. उत्तर आलं. लेख घेता येईल, पण याच विषयावर लातूर भागात आधी काम झालेलं आहे. त्याचा संदर्भ द्यावा.

साहेबांचं नाव लिहायचं. आडनाव आधी. माझ्या हातानं, माझ्या लेखाखाली. जगाला सांगायचं की हे काम यांनी केलं, मी यांच्या मागून आले.

मी संपादकांना लिहिलं: "ते काम माझं आहे. कुणी, कुठल्या गावांत, कसं केलं, हे गावात येऊन विचारा. त्या नावानं त्याचा दाखला मी देणार नाही."

लेख छापला नाही. परत आला. सोबत त्याच सूचनेची चिठ्ठी.

मी तो दुसऱ्या जर्नलला पाठवला आहे. तिथूनही हेच येईल, मला माहीत आहे. पुन्हा पाठवीन. एक ओळ घातली की छापतात. ती ओळ मी घालणार नाही.